सत्तावीस नंबरचा कोयता

११ डिसेंबर २०२५, गुरुवार. नऊ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतची मुले : चौसष्ट.

ही मुले आष्टीच्या आसपासच्या तीन खेड्यांची. त्या दिवशी ती गावात नव्हती. आईबापांबरोबर ती कृष्णाकाठच्या एका साखर कारखान्याच्या तळावर, कोप्यांत, म्हणजे उसाच्या पाचटाने शाकारलेल्या खोपटांत, राहत होती. तळावरच्या दुसऱ्या जिल्ह्यातून आलेल्या एका टोळीत तीन मुलांच्या अंगावर गोवर उठला होता. तिथल्या उपकेंद्राच्या सिस्टरने गुरुवारी सकाळी नऊ ते दुपारी एक ही लसीकरणाची वेळ ठरवली होती. गुरुवारच का, याचे कारण साधे होते. शुक्रवारी पहाटे आष्टीकडच्या पाचही टोळ्या तळ उठवून राज्याच्या सीमेपलीकडे पाच वेगवेगळ्या ठिकाणी जाणार होत्या. त्यानंतर कोणते मूल कोणत्या शिवारात आहे, हे एका जागी बसून सांगणे कोणालाही शक्य राहणार नव्हते.

या मुलांची नावे सिस्टरला तिच्या फोनवरच्या एका यादीत दिसत होती. ती यादी पुरवणारा प्रोग्राम आष्टीच्या बाजारपेठेत, खताच्या दुकानावरच्या एका खोलीत लिहिला गेला होता. लिहिणारीचे नाव दीपमाला कडूबा वाहुळे. वय चोवीस.

दीपमालाचे आईवडील, कडूबा आणि गिरिजाबाई, अठरा हंगाम ऊसतोडीला गेले. ऊसतोडीच्या व्यवहारात नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो. मुकादमाच्या वहीत त्या जोडीला एक क्रमांक असतो आणि क्रमांकापुढे पुरुषाचे नाव असते. जोडीदार नसलेला माणूस अर्धा कोयता ठरतो; त्याला टोळीत सहसा जागा मिळत नाही. ही मोजणी दीपमालाला कोणी समजावून सांगितली नव्हती. तळावरच्या इतर मुलांनी 'तुमी कितवे?' असे विचारले, की ती 'आमी एकोणीस नंबर' असे उत्तर देई. गावातली मुले आडनाव सांगतात तसे. पाचवीपासून ती गावच्या शाळेतील हंगामी वसतिगृहात राहू लागली आणि तळ सुटला. एकोणीस हा आकडा मात्र तिच्या ओळखीचा भाग होऊन राहिला. पुढे जे घडले त्याचे मूळ इथे आहे.

संगणकशास्त्राची पदवी तिने तालुक्याच्या महाविद्यालयातून घेतली. तेथील प्रयोगशाळेत चालू स्थितीतील संगणक सात होते आणि वर्गात विद्यार्थी अठ्ठेचाळीस. त्यामुळे जावास्क्रिप्ट ही भाषा ती मुख्यतः फोनवर शिकली. ब्राउझरमध्ये बटण दाबले की रंग बदलावा, चुकीची तारीख भरली की लाल अक्षरांत सूचना यावी, एवढ्यासाठीच ही भाषा असते, असा तिचा समज होता. शेवटच्या वर्षी तिला नोड सापडले. ब्राउझरच्या बाहेर, थेट संगणकावर जावास्क्रिप्ट चालवणारे हे साधन. जी भाषा आतापर्यंत पडद्यावर बटणे रंगवत होती, तीच आता पडद्यामागे बसून शेकडो फोनांना उत्तरे देऊ शकते, हे समजले त्या दुपारी ती जेवायची विसरली. तिला दोन भाषा शिकायच्या नव्हत्या. जी येत होती तीच पुरेशी होती. ज्या मुलीचे अर्धे बालपण शाळेबाहेर गेले, तिच्यासाठी ही बातमी फार मोठी होती.

आष्टीत ऊसतोड कुटुंबांच्या आरोग्याचे काम करणारा एक लहानसा गट आहे. पदवीनंतर ती तिथे रुजू झाली. गावच्या आशाताई बेबीनंदा यांची आणि तिची भेट तिथलीच. बेबीनंदा पंचेचाळिशीच्या, मोठ्या आवाजाच्या, आणि तीन गावांतले प्रत्येक मूल कोणत्या वारी जन्मले हे तोंडपाठ असलेल्या. ऑगस्ट २०२४मध्ये दीपमालाने पहिला सर्व्हर उभा केला तेव्हा त्याच्या पहिल्या ग्राहक बेबीनंदाच होत्या.

"ताई, तुमच्या फोनवर हा पत्ता टाका," दीपमाला म्हणाली.

"कोणाला फोन लावून राह्यलो आपण?"

"कोणालाच न्हाई. माझ्या लॅपटॉपला."

बेबीनंदांनी एका बोटाने एकेक आकडा टाकला. फोनच्या पडद्यावर एकच ओळ उमटली : 'बेबीनंदाताई, चहा कधी पाजता?'

"अगं माय! हे ह्या डब्यातून माझ्या फोनात आलं? वायर तर कुठंच न्हाई."

"तुमच्या फोनानं विचारलं, ह्यानं उत्तर दिलं. ह्यालाच सर्व्हर म्हणतेत."

"उत्तर कसलं, चहाच मागून राह्यलंय! बिलकुल तुझ्यावर गेलंय."

त्या दुपारी बेबीनंदांनी खोलीत येणाऱ्या प्रत्येकाला आपल्या फोनवर ती ओळ उघडून दाखवली. दुकानदाराला, पोस्टमनला, खताची पोती उतरवणाऱ्या हमालांनाही. दर वेळी दीपमालाच्या लॅपटॉपवर काळ्या चौकटीत एक नवी नोंद पडे : विनंती आली, उत्तर दिले. सायंकाळपर्यंत एक्केचाळीस नोंदी झाल्या. बाहेरून पाहणाऱ्याला त्या एकसारख्या ओळी होत्या. दीपमालासाठी प्रत्येक ओळ म्हणजे एका माणसाने विचारले आणि तिने लिहिलेल्या गोष्टीने उत्तर दिले, याचा पुरावा होता.

पुढची घाई तिला आवरता आली नाही. कोणती विनंती प्रोग्रामच्या कोणत्या भागाकडे न्यायची हे ठरवण्यासाठी तिने एक्सप्रेस नावाचा तयार सांगाडा घेतला. नोंदी टिकवण्यासाठी डेटाबेस घेतला. लोकांनी लिहून ठेवलेले असे तयार तुकडे नोडबरोबर येणाऱ्या एका साधनाने एका आज्ञेत उतरवता येतात. तिने पाच मागितले. त्या पाचांना लागणारे, आणि त्यांनाही लागणारे, असे दोनशेहून अधिक तुकडे आष्टीच्या रेंजवर अडखळत अडखळत दीड तासात उतरले. तिने कुतूहलाने काही उघडून पाहिले. एक तर एकट्या माणसाने अकरा वर्षे सांभाळलेला होता.

त्या वेळी गिरिजाबाई डबा घेऊन खोलीत आल्या होत्या. लेकीचे म्हणणे त्यांनी लक्ष देऊन ऐकले.

"फुकट देतेत?"

"फुकट, माय."

"अन् बदल्यात काय मागतेत?"

"काही न्हाई. आमचं नाव तेवढं काढू नका म्हणतेत. त्यांनी लिवलं त्याच्याखाली त्यांचं नाव राहू द्यायचं. अशी लेखी अट हाये."

गिरिजाबाईंनी डब्याचे झाकण काढले. मग म्हणाल्या, "नाव काढू नका असं म्हणायची सोय हाये म्हणा त्यायला."

दीपमालाने ते ऐकले. पण तिचे लक्ष पडद्यावर होते.

नोडची काम करण्याची रीत बेबीनंदांना समजावताना तिला उदाहरण शोधावे लागले नाही. लसीकरणाच्या दिवशी प्रत्येक मुलाला सुई दिल्यावर अर्धा तास बसवून ठेवतात. सिस्टर त्या मुलाकडे पाहत अर्धा तास उभी राहत नाही. ती पुढच्या मुलाला सुई देते, आणि आधीच्या मुलाचा अर्धा तास झाला की त्याच्याकडे वळते. नोडचेही तसेच असते. एकच काम करणारा; पण डेटाबेसकडे निरोप पाठवला की तो उत्तराची वाट पाहत थांबत नाही, तोवर दुसऱ्या फोनला वळतो. म्हणून महिन्याच्या अगदी थोड्या भाड्याच्या, दूरच्या शहरातल्या एका छोट्या संगणकावर तीन गावांचे काम आरामात चालते.

"म्हंजी एकच सिस्टर, पण हुशार," बेबीनंदा म्हणाल्या.

"बराबर."

"मंग तिला मानधन किती?" असे विचारून त्या स्वतःच मोठ्याने हसल्या.

२०२५च्या दिवाळीपर्यंत प्रोग्राम तयार झाला. टोळी गावातून निघण्यापूर्वी बेबीनंदांनी दारोदार जाऊन फोनवर कुटुंबाचा फॉर्म भरायचा : पाचही टोळ्यांत सलग चालणारा कोयत्याचा क्रमांक, आईचे नाव, बापाचे नाव, फोन नंबर, मुले, आणि कोणाला कोणता डोस झाला. रेंज नसली तरी फॉर्म फोनमध्ये थांबून राही आणि रेंज आली की आपोआप सर्व्हरकडे जाई. जन्मतारीख उद्याची नसावी, पहिल्या डोसाआधी दुसरा नसावा, असे नियम दीपमालाने एकदाच लिहिले. तेच नियम फोनवरही चालत आणि सर्व्हरवरही, कारण दोन्हीकडे भाषा एकच होती. जिथे टोळी उतरेल तिथल्या सिस्टरला यादी उघडण्याचा एक सांकेतिक शब्द मिळे. लसीकरणाच्या आदल्या संध्याकाळी सर्व्हर प्रत्येक कुटुंबाला आपणहून फोन लावी. वाचता न येणाऱ्या माणसांसाठी लेखी निरोपाचा उपयोग नव्हता. म्हणून फोनमधून बेबीनंदांचा ध्वनिमुद्रित आवाज येई : 'मी बेबीनंदा आशा बोलून राह्यले. उद्या सुई हाये. पोराला कोपीवरच ठिवा, फडात नेऊ नका.' त्यापुढे मुलाचे नाव. साडेचारशे किलोमीटरवर, पाचटाच्या खोपटात, गावच्या आशाताईंचा आवाज. हे पहिल्यांदा घडले तेव्हा तळावरच्या काही बायांनी फोनलाच उत्तर दिले : 'हाव ताई, ठिवते.'

गुरुवारी सकाळी सव्वानऊला दीपमाला आणि बेबीनंदा खोलीत लॅपटॉपसमोर बसल्या होत्या. तिकडे सिस्टर कोपीकोपीने फिरत होती. तिने एका मुलाच्या नावापुढे खूण केली, की इथे पडद्यावर ती ओळ हिरवी होई. दहा झाल्या, मग सोळा, मग तेवीस. बेबीनंदा प्रत्येक हिरव्या ओळीला मुलाच्या घराण्यासकट दाद देत होत्या. "हा बघ, बारक्या सोमेश्वर! ह्यानं मागच्या टायमाला सिस्टरचा हात चावल्ता." पडद्याच्या कोपऱ्यात एकूण आकडा होता. बेबीनंदांची नजर तिकडे गेली आणि त्या थांबल्या.

"दीपे, हे त्रेसष्ट कसे?"

"एकूण मुलं तेवढीच हायेत, ताई."

"चौसष्ट हायेत."

"मशीन मोजून राह्यलंय, ताई."

"मी जन्मापास्नं मोजून राह्यले. मशीन कव्हा जन्मलं?" बेबीनंदांनी पिशवीतून वही काढली. रेघा मारलेली शंभर पानी वही. प्रत्येक मुलाला एक ओळ, ओळीत आईचे नाव. त्यांनी बोट ठेवून मोजले. चौसष्ट. पुन्हा मोजले. चौसष्ट.

दीपमालाचा पहिला विचार असा होता, की वहीत एखादे नाव दोनदा आले असावे. तिने तसे म्हणूनही पाहिले.

"दोनदा? माझ्या वहीत?" बेबीनंदा खुर्चीतून उठल्या. "ही वही घेऊन मी पाऊण जिल्ह्याचे सर्वे केले. तुझ्या डब्यात कुठंतरी एक लेकरू पडलंय. हुडक."

साडेदहा वाजले होते. अडीच तास उरले होते.

वही आणि पडदा ताडून पाहण्यासारखी सोपी वाट नव्हती, कारण पडद्यावर मुले कोयत्याच्या क्रमाने लागलेली होती आणि वहीत जन्माच्या क्रमाने. चौसष्ट नावांचा मेळ घालायला तासभर गेला असता, आणि मूल सापडल्यावरही ते कसे गळाले हे कळले नसते. आणखी कोणी असेच पुसले गेले असेल का, हेही कळले नसते. दीपमालाला दुसरी गोष्ट आठवली. सर्व्हरकडे येणाऱ्या प्रत्येक फॉर्मची वेळ आणि कोयत्याचा क्रमांक एका साध्या फाइलमध्ये उतरत असे. मुलांची नावे कुठेही पडून राहू नयेत म्हणून तिने ती त्या फाइलमध्ये मुद्दाम येऊ दिली नव्हती. क्रमांक मात्र होते. मूल पुसले गेले असले तरी त्याच्या येण्याची खूण तिथे असणार होती.

तिने नोडमध्येच एक लहान प्रोग्राम लिहायला घेतला : फाइल ओळीओळीने वाचायची, क्रमांक उचलायचा, आणि तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला की वेळेसकट दाखवायचा. अकरा ओळी झाल्या. आपण लिहिलेल्या गोष्टीच्या पोटात आपणच शिरतो आहोत आणि आत उत्तर आहे, अशी तिची खात्री होती. तिने बटण दाबले. पडद्यावर चार क्रमांक उमटले.

"सहा, अकरा, बावीस, सत्तावीस," तिने वाचले. "ह्यांचे फॉर्म दोन दोन वेळा आले."

"सहाचं अन् अकराचं मी नाव दुरुस्त केलं व्हतं. बावीसचा फोन नंबर बदलल्ता." बेबीनंदा वहीत पाहू लागल्या. "सत्तावीस..." त्यांचे बोट एका ओळीवर थांबले. "सत्तावीस म्हंजी अंगद. अन् अंगदसंगं कौसल्या."

कौसल्या ही अंगदची बहीण. दोन वर्षांपूर्वी तिचा नवरा वारला. एकटी बाई म्हणजे अर्धा कोयता. तिला टोळीत कोणी घेईना. इकडे अंगदच्या बायकोचे ऑपरेशन झालेले, ती गावीच राहिली, म्हणजे अंगदही अर्धाच उरला. दोन अर्धे मिळून एक झाला : सत्तावीस नंबर, भाऊ आणि बहीण. दोघांचीही मुले बरोबर होती. अंगदचा तीन वर्षांचा सूरज, आणि कौसल्याची सतरा महिन्यांची प्रियदर्शनी. तीन नोव्हेंबरला बेबीनंदांनी आधी कौसल्याचा फॉर्म भरला : आई कौसल्या, मुलगी प्रियदर्शनी. अर्ध्या तासाने अंगदचा : बाप अंगद, मुलगा सूरज. दोन्ही फॉर्म बरोबर होते. सर्व्हरने मात्र दुसरा फॉर्म म्हणजे त्याच कुटुंबाची दुरुस्ती असे मानले आणि पहिल्यावर दुसरा लिहिला.

सर्व्हरने तसे मानले, कारण दीपमालाने त्याला तसे शिकवले होते. एक क्रमांक म्हणजे एक कुटुंब. नवरा, बायको, त्यांची मुले. पुण्यामुंबईच्या एखाद्या प्रोग्रामरने हे काम केले असते, तर त्याने आईपासून किंवा मुलापासून सुरुवात केली असती. कोयता म्हणजे काय हेच त्याला विचारावे लागले असते आणि विचारताना त्याला अंगद-कौसल्या सापडले असते. दीपमालाला विचारावे लागले नाही. ती एकोणीस नंबरची मुलगी होती. मुकादमाच्या वहीचा रकाना तिने विश्वासाने उचलला आणि डेटाबेसचा पाया म्हणून घातला.

"माझी चूक हाये, ताई," ती म्हणाली. "वही बराबर हाये."

"चूक मंग बघू. लेकरू आधी."

तिचा हात कीबोर्डवर गेला आणि तिने तो मागे घेतला. तिकडे सिस्टर त्याच यादीवर काम करत होती. चालत्या सर्व्हरमध्ये आता घाईने काही बदलले आणि ते चुकले, तर उरलेली सगळी नावेही सिस्टरच्या हातातून जाणार होती. एका मुलीसाठी बाकीच्यांची यादी पणाला लावण्याचा अधिकार तिला नव्हता. आणि बाकीच्यांची यादी शाबूत आहे म्हणून एका मुलीला सोडण्याचाही नव्हता. तिने यादीला हात लावला नाही. फोन उचलला.

सिस्टरने ऐकून घेतले. "त्या कोपीत एक पोरगं हाय, सूरज. त्याला आत्ताच टोचलं की! पोरगी न्हाई ताई तितं. शेजारीण म्हणत्या, आईनं फडात नेलीया. माझ्याकडं एकपर्यंतच लस हाय बरं का. उघडलेली बाटली पुढं वापरता येत न्हाई. आणा म्हणावं लगोलग."

बेबीनंदांनी मुकादम रामप्रसाद यांना फोन लावला आणि तो स्पीकरवर ठेवला. पलीकडून ट्रॅक्टरचा आवाज येत होता.

"बोला ताई, जल्दी बोला, गाडी भरून राह्यली."

"सत्तावीस नंबरमदली कौसल्या कुठं हाये?"

"सत्तावीस म्हंजी अंगद. फडातच हाये. का?"

"अंगद न्हाई भाऊ, कौसल्या इचारून राह्यले. तिच्या पोरीची सुई राह्यली. एक वाजायच्या आत तळावर पाठवा."

"ताई, आज फड संपवायचाय. उद्या तळ हालणार. एक बाई गेली म्हंजी कोयताच मोडला की!"

"रामप्रसादभाऊ, तुमच्या नातवाला डोसाला कोण घेऊन गेल्तं?"

"...तुमी."

"नातू गप व्हता. पण त्याचा आजा बाहेर जाऊन भिंतीकडं तोंड करून उभा राह्यल्ता. सांगू का टोळीला?"

पलीकडे कोणीतरी हसले. ते रामप्रसादच होते. "बरं बरं. रिकामं ट्रॅक्टर तळाकडं निघून राह्यलं, त्यात बसवतो. पण एकटा अंगद किती तोडंल?"

"तवर तुमी मोळ्या बांधा. हातबी मोकळे व्हतील."

अकरा वाजून दहा मिनिटे झाली होती. ट्रॅक्टरला तासाहून अधिक लागणार होता. त्या वेळेत दीपमालाने सर्व्हरला नव्हे, आपल्या लॅपटॉपवरच्या प्रतीला हात घातला. तिने आधी दुरुस्ती लिहिली नाही. आधी चाचणी लिहिली : सत्तावीस क्रमांकाने दोन फॉर्म पाठव, एक कौसल्याचा, एक अंगदचा, मग मुले मोज, दोन आली पाहिजेत. चालवली. पडद्यावर लाल अक्षरे आली : अपेक्षा दोन, मिळाले एक. महिनाभर कोणालाही न दिसलेली चूक आता सर्वांसमोर लाल अक्षरांत उभी होती. ते लाल पाहून तिला आनंद झाला. न दिसणाऱ्या चुकीशी भांडता येत नाही. हिच्याशी येत होते.

मग तिने पायाच बदलला. प्रत्येक माणसाला स्वतंत्र ओळ. अंगदला एक, कौसल्याला एक, सूरजला एक, प्रियदर्शनीला एक. मुलाच्या ओळीत त्याच्या आईची किंवा बापाची खूण. कोयत्याचा क्रमांक प्रत्येक ओळीच्या शेवटी, फक्त माहितीपुरता. त्या क्रमांकावर आता कोणाचेही असणे-नसणे अवलंबून नव्हते. फॉर्म स्वीकारणारा भाग बदलला, यादी देणारा भाग बदलला. चाचणी पुन्हा लाल. एका ठिकाणी जुनेच नाव राहिले होते. ते बदलले. पुन्हा चालवली.

हिरवी.

"ताई!" तिने टेबलावर हात आपटला. खाली दुकानदाराने वर पाहून विचारले, काय पडले म्हणून.

"पडलं न्हाई," बेबीनंदा जिन्यातून ओरडल्या, "सापडलं!"

बारा वाजून चाळीस मिनिटांनी फोन वाजला. सिस्टरच्या आवाजाआधी एका बाळाच्या जोरजोरात रडण्याचा आवाज आला. "आली बघा तुमची पावनी! ऐकताय न्हवं? आख्खा तळ डोक्यावर घेतलाय पोरीनं."

बेबीनंदांनी डोळ्यांना पदर लावला आणि लगेच खाली घेतला. "कौसल्येला दे गं फोन." आणि कौसल्याचा आवाज येताच, "काय बाई, आपण एका गावच्या! कालचा माझा फोन ऐकला न्हाई का?"

"ऐकला, ताई. दादाच्या फोनवर आल्ता. सूरजचं नाव आलं, माझ्या लेकीचं आलं न्हाई. म्हणलं, आपलं नसंल."

मग दीपमाला पुढे वाकून म्हणाली, "तुमचंच होतं, कौसल्याताई. मी लिहिताना पुसलं. आता न्हाई पुसणार."

एक वाजून पाच मिनिटांनी सिस्टरने काम संपल्याचे कळवले. त्रेसष्टच्या त्रेसष्ट ओळी हिरव्या होत्या. तेव्हा, आणि तेव्हाच, दीपमालाने सर्व नोंदींची प्रत बाजूला काढून ठेवली, नवा प्रोग्राम सर्व्हरवर चढवला आणि जुन्या नोंदी नव्या रचनेत हलवल्या. जे पुसले गेले होते ते सर्व्हरकडे नव्हतेच. ते बेबीनंदांनी वहीतून वाचून दाखवले. आईचे नाव कौसल्या. मुलीचे नाव प्रियदर्शनी. जन्म एक जुलै दोन हजार चोवीस, सोमवार. "वार लिहायला जागा न्हाई, ताई." "मंग जागा कर." सिस्टरने आपल्या फोनवर यादी नव्याने उघडली, नव्या ओळीवर खूण केली, आणि आष्टीच्या पडद्यावर कोपऱ्यातला आकडा बदलला. चौसष्ट. बेबीनंदांनी वही मिटली आणि तिच्या पुठ्ठ्यावर हलकेच थाप मारली, जणू पैज तिनेच जिंकली होती.

दोनच्या सुमारास गिरिजाबाई भाकरी घेऊन आल्या. दीपमालाने त्यांना एका दमात सगळे सांगितले : चार क्रमांक, अकरा ओळी, लाल, हिरवे, रडणारी पोरगी. गिरिजाबाईंना त्यातले निम्मे कळले असेल. त्या पडद्याजवळ आल्या. अक्षरे त्यांना सावकाश लावता येतात. त्यांनी बोट ठेवून लावली.

"अं-ग-द. ही एक ओळ. कौ-स-ल्या. ही दुसरी?"

"हाव, माय. ज्याची त्याची ओळ. सत्तावीस तिकडं कडेला."

"मला असं कोणीच लिवलं न्हाई," गिरिजाबाई म्हणाल्या. "अठरा साल एकोणीस नंबर." त्यांचे बोट अजून कौसल्याच्या ओळीवर होते. "मंग मुकादमाच्या वहीतबी असंच कर की. तुला येतं तर."

"ती वही माझ्या हातात न्हाई, माय."

"मशीनला सांगून बघ."

"मशीनचं तिथं चालत न्हाई."

गिरिजाबाईंनी मान हलवली आणि भाकरीचे फडके सोडले.

शुक्रवारी पहाटे तळ हलला. पाच टोळ्या पाच ठिकाणी गेल्या आणि त्यांच्याबरोबर चौसष्ट ओळीही गेल्या. सीमेपलीकडच्या सिस्टरने उघडल्या तर त्या तिथेही दिसतात. दीपमालाने ती चाचणी कायमची ठेवली आहे. प्रोग्राममध्ये काहीही बदलले की आधी ती चालते, आणि कौसल्या व अंगद या दोघांचीही मुले मोजली गेल्याशिवाय बदल पुढे जात नाही. या चाचणीला तिने कौसल्याचे नाव दिले आहे.

सत्तावीस नंबरची तोडणी या हंगामातही अंगदच्या नावावर लागते. कौसल्याने तोडलेल्या उसाची मजुरी कौसल्याच्या हातात दिली गेलेली नाही.